ल्युपसचा थकवा आणि झाडपाल्याची औषधे

उसावरील लोकरी मावा, हळदीची कंदकूज, द्राक्षावरील भुरी व केवडा यांविषयी शेतकीच्या पत्रांतून पुष्कळ लिहिले जाते व ते योग्यच आहे. तथापि ही पिके ज्यांच्या हातांनी निंदली, खुडली व काढली जातात त्या माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, दुखण्याविषयी आपण क्वचितच लिहितो. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात सारी हयात कारकुनीत घालविली. त्याचा वैद्यकाचा अधिकार नाही. परंतु एका विशिष्ट दुखण्यासंबंधी सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत जे गैरसमज पसरलेले त्याने पाहिले, त्यांमुळे जाणत्या डॉक्टरांस व वैद्यांस विचारून आणि प्रसिद्ध झालेली माहिती जुळवून चार शब्द लिहिणे त्यास अवश्य वाटले.

या दुखण्याचे नाव ल्युपस. हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ लांडगा असा आहे. चेहऱ्यावरील चट्टे लांडग्याने ओरबाडल्यासारखे दिसतात म्हणून युरोपातील जुन्या वैद्यांनी हे नाव ठेविले असे सांगतात. आपल्या शरीरात बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढणारी एक शक्ती असते. ल्युपसमध्ये ती शक्ती आपपर ओळखीनाशी होते आणि स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, रक्तावर व मूत्रपिंडांवर चाल करून जाते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार होय. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, व त्याही बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस या वयातील, म्हणजे संसाराचा व शेताचा सर्व भार ज्यांच्यावर असतो त्या. गालांवर व नाकावर फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा, उन्हात गेले की अंगावर पुरळ, सांधेदुखी, बारीक ताप, केस गळणे, तोंडात फोड ही त्याची नेहमीची लक्षणे.

हे दुखणे विरळा आहे. दिल्लीजवळच्या खेड्यांतील एका पाहणीत, जी १९९३ साली प्रसिद्ध झाली, लाख माणसांत सुमारे तीन रुग्ण आढळले. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे आपल्या दोन जिल्ह्यांची वस्ती मिळून सुमारे ५८ लाख. त्या हिशेबाने दोनशेच्या आतच आकडा येतो. परंतु ती पाहणी जुनी व एकाच टापूतील होय, आणि इतर देशांत हेच प्रमाण कितीतरी पटींनी अधिक नोंदले गेले आहे. शिवाय खेड्यातील पुष्कळ रुग्ण निदान होईपर्यंत वर्षानुवर्षे संधिवात, पित्त, अशक्तपणा किंवा बाहेरची बाधा या सदरांखाली मोडत असतात, हेही ध्यानात ठेविले पाहिजे.

या सर्व लक्षणांत रुग्णास जे अधिक छळते व घरच्यांस जे मुळीच दिसत नाही ते म्हणजे थकवा. हा थकवा दिवसभर ऊस तोडल्यावर येतो तसा नव्हे. तो थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. ल्युपसचा थकवा सकाळी उठतानाच अंगावर बसलेला असतो. पाण्याची घागर उचलण्यापूर्वीच हात गळून जातात. निम्म्याहून पुष्कळ अधिक रुग्णांची ही तक्रार असते. चट्टा दिसतो, सूज दिसते. थकवा कोणास दाखवावयाचा? मग सासू म्हणते कामचुकार, नवरा म्हणतो नखरे. सातबाऱ्याच्या उताऱ्यात जिरायत, बागायत, पड, विहीर, झाडे या सर्वांची नोंद असते. पण त्या जमिनीत राबणाऱ्या बाईचा थकवा गाव नमुन्याच्या कोणत्याच रकान्यात येत नाही, आणि बहुधा तिचे नावही तेथे नसते. हे विषयांतर झाले, तरी खोडावेसे वाटत नाही.

थकव्यावर औषध शोधण्यापूर्वी त्याचे मूळ शोधणे अवश्य आहे. पीक पिवळे पडले की शहाणा शेतकरी एकदम युरियाचे पोते फोडीत नाही. पाणी साचले आहे काय, मुळाशी हुमणी आहे काय, लोह कमी आहे काय, हे पाहतो. ल्युपसच्या रुग्णाचा थकवा मूळ रोग उसळल्यामुळे असेल, रक्तक्षयामुळे असेल, गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावल्यामुळे असेल, आणि ल्युपसबरोबर हे पुष्कळदा आढळते, बी-१२ अथवा ड जीवनसत्त्वाच्या अभावामुळे असेल, झोप बिघडल्यामुळे, मन खचल्यामुळे किंवा मूत्रपिंड बिघडू लागल्यामुळेही असेल. आपल्या देशातील २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शेकडा ५७ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. तेव्हा ल्युपसचे निदान झाले म्हणून प्रत्येक थकवा ल्युपसच्याच खाती मांडणे ही हिशेबाची चूक होय. ज्या थकव्याचे मूळ रक्तातील लोह आहे त्यावर लोहाची गोळी लागते. तेथे अश्वगंधेचे चूर्ण वर्षभर खाल्ले तरी उपयोग नाही.

आता झाडपाल्याकडे वळू. प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. झाडपाला आणि डॉक्टरी गोळी यांत जे वैर आपण मानतो ते खरे नव्हे. ल्युपसवरील आजचे पायाभूत औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे होय. सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनाइन निघाले. १८९४ साली लंडनच्या पेन नावाच्या डॉक्टरांनी ते त्वचेच्या ल्युपसवर दिले. पुढे हिवतापासाठी क्विनाइनच्या धर्तीवर कारखान्यात जी औषधे बनली त्यांतलेच हे एक. म्हणजे त्याचे मूळ एका सालीतच आहे. फरक इतकाच की त्या सालीतील गुण कोणता, मात्रा किती, अपाय कोणता, डोळ्याचा पडदा केव्हा तपासावा, हे सर्व अनेक वर्षे मोजून पाहिले गेले. २०२० साली कोरोनाच्या साथीत हीच गोळी लोकांनी घरोघर साठविली, तेव्हा ल्युपसच्या रुग्णांस ती दुकानोदुकान हिंडूनही मिळेना.

त्याच वर्षापासून आपल्याकडे गुळवेलीचा मोठा बोलबाला झाला. लिंबावर चढलेली गुळवेल उत्तम, असे आपले वाडवडील सांगत, आणि ज्वरात तिचा काढा देण्याची चाल जुनीच आहे. परंतु साथीत ती रोगप्रतिकारशक्ती वाढविणारी म्हणून रोज, महिनोन्महिने, घरातील सर्वांनी घ्यावयाची वस्तू झाली. आता वर सांगितलेली कुंपणाची गोष्ट आठवावी. ज्या शरीरात ती शक्तीच उन्मत्त झाली आहे तेथे तिला आणखी खुराक घालणे शहाणपणाचे कसे होईल? २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर कावीळ झालेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली; २०२२ साली देशातील तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची हकीकत आली. त्यांत शरीराने स्वतःच्याच यकृतावर चाल केल्यासारखी लक्षणे आढळली. आयुष मंत्रालयाने यास हरकत घेतली. गुळवेल सुरक्षित आहे, रुग्णांनी घेतलेली वेल तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असू शकेल, असे मंत्रालयाचे म्हणणे. त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर फोडांसारख्या गाठी असतात. हा वाद कोणत्या बाजूने सुटतो ते सुटो. ल्युपसच्या रुग्णास दोन्ही निकालांचा अर्थ एकच आहे. वेल खरी असेल तरी तिचा गुण त्याच्या रोगाच्या उलट दिशेचा असण्याचा संभव, आणि वेल खोटी असेल तर ती ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नाही.

अश्वगंधेची गोष्ट थोडी निराळी. ती खरोखर बल्य म्हणून ग्रंथांतरी प्रसिद्ध आहे, आणि निरोगी पण ताणाखाली असलेल्या माणसांवरील काही लहान प्रयोगांत तिने झोप व उत्साह सुधारल्याचे दिसले. मात्र ल्युपसच्या थकव्यावर तिची मोठी व नीट तोललेली परीक्षा झालेली नाही. उलट ती थायरॉइडचा रस वाढविते असे एका प्रयोगात दिसले. म्हणून थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईने ती घेतल्यास छाती धडधडणे, झोप उडणे असे विकार संभवतात. तिच्यामुळे यकृत बिघडल्याचे रुग्णही नोंदले गेले आहेत, आणि डेन्मार्क देशाने २०२३ साली तिच्या विक्रीस बंदी केली. ज्येष्ठमध खोकल्यास चघळण्यापुरते ठीक. पण रोज काढ्यात घातल्यास रक्तदाब चढतो, शरीरातील पोटॅशियम घटते व स्टिरॉइडच्या गोळीचा परिणाम लांबतो. ज्याचे मूत्रपिंड ल्युपसने धरले आहे व ज्यास स्टिरॉइड चालू आहे, त्यास ज्येष्ठमध हा शत्रूच समजावा.

आता जी गोष्ट आपल्या वाचकांस सर्वांत जवळची, ती सांगतो. लसूणघास, ज्यास कोणी मेथीघास तर कोणी लुसर्ण म्हणतात, तो दुभत्या जनावरांसाठी आपल्याकडे बांधाबांधावर आहे. याच घासाच्या गोळ्या, भुकटी व मोड आलेले बी हे अल्फाल्फा या भारदस्त नावाने शक्तिवर्धक म्हणून डब्यांतून विकले जाते. आपल्या म्हशीचा चारा परदेशी नाव लावून आपल्यालाच आठपट दराने घ्यावयाचा, हा व्यवहारही पाहण्यासारखा आहे! या घासाच्या बियांत व मोडांत कॅनाव्हॅनिन नावाचे द्रव्य असते. १९८२ साली अमेरिकेतील संशोधकांनी माकडांस हे मोड खाऊ घातले असता त्यांस ल्युपससारखाच रोग जडला. पुढच्याच वर्षी अशी हकीकत प्रसिद्ध झाली की, रोग शांत असलेल्या दोन रुग्णांनी घासाच्या गोळ्या घेतल्या व त्यांचा रोग पुन्हा उसळला. त्यामुळे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील ल्युपस केंद्राने रुग्णांनी टाळावयाच्या वस्तूंत याचे नाव घातले आहे. त्याच यादीत लसणीचेही नाव आहे. नावातील सारखेपणा हा केवळ योगायोग होय. या दोन वनस्पतींचे नाते नाही. फोडणीतील दोन पाकळ्यांविषयी आपल्याकडील डॉक्टर फारसा आग्रह धरीत नाहीत. लसणीच्या अर्काच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत. घास खाणाऱ्या गाई-म्हशींच्या दुधाविषयी कोणी घाबरून जाऊ नये. वरील सर्व तक्रार बी, मोड व गोळ्या प्रत्यक्ष खाणाऱ्यांची आहे, दुधाची नव्हे.

हळदीविषयी सांगलीच्या मासिकात न लिहून कसे चालेल? २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हरिपूरच्या पेवांची कीर्ती २००५ च्या महापुराने ती पुष्कळशी बुडविली तरी अजून ओसरलेली नाही. इराणातील शिराझ येथे ल्युपसने मूत्रपिंडे धरलेल्या २४ रुग्णांवर एक प्रयोग झाला, व तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांस रोज तिन्ही जेवणांबरोबर अर्धा-अर्धा ग्रॅम हळद तीन महिने दिली. त्यांच्या लघवीतून जाणारे प्रथिन व रक्त कमी झाले आणि वरचा रक्तदाबही उतरला. ही आशादायक गोष्ट आहे. पण चोवीस माणसांची आहे, त्यांची नेहमीची औषधे बंद केलेली नव्हती, आणि तीत थकवा मोजण्याचा उद्देश नव्हता. आमटीतील हळद निर्धास्त खावी. हळदीच्या अर्काच्या गोळ्या, ज्यांत मिऱ्याचा अर्क घालून तिचे शोषण वाढविलेले असते, त्या मात्र निराळ्या. मिऱ्यामुळे इतर औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढू शकते. ल्युपसच्या काही रुग्णांस रक्ताच्या गुठळ्या होतात म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी चालू असते. त्यांनी अशा अर्काच्या वाटेस जाऊच नये. आणखी एक सूचना. पिवळा रंग खुलविण्यासाठी हळकुंडांस शिसेयुक्त रंग चोळण्याची वाईट चाल बांगलादेशात पकडली गेली व आपल्या देशातील काही बाजारांतही आढळली आहे. शिसे हे मूत्रपिंडांचे विष आहे. ज्याच्या घरी हळद पिकते त्याने खाण्यापुरती आपलीच वाळवून दळावी.

आमच्या नात्यातील एका सुनेची हकीकत येथे सांगणे भाग आहे. कृष्णाकाठचे गाव, चार एकर बागायत, दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला हा थकवा लागला. दोन वर्षे घरच्यांची बोलणी खाल्ल्यावर मिरजेस निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या व सहा महिन्यांत ती पुन्हा भांगलणीस जाऊ लागली. मग आठवडी बाजारात कोणी एका चूर्णविक्याने सांगितले की, हे निव्वळ झाडपाल्याचे आहे, यास अपाय नाही, मात्र डॉक्टरी गोळ्या बंद ठेवा. पहिल्या पंधरवड्यात तिला इतकी हुशारी वाटली की घरच्यांनी चूर्णविक्यास कोंबडे दिले. चौथ्या महिन्यात पायांवर सूज आली, लघवीस फेस येऊ लागला; दाखविले तेव्हा मूत्रपिंडांस इजा पोहोचलेली होती. जीव वाचला, दोन म्हशी विकाव्या लागल्या, आणि आज ती पूर्वीच्या निम्मेच काम करू शकते. पहिल्या पंधरवड्यातील त्या हुशारीविषयी डॉक्टरांनी जे सांगितले ते सर्वांनी ऐकावे. अशा बेनामी चूर्णांत पुष्कळदा स्टिरॉइडची गोळी कुटून घातलेली असते. त्यामुळे लागलीच गुण येतो. मात्रा कोणास ठाऊक नसते. आणि चूर्ण संपून ते एकाएकी बंद पडले म्हणजे शरीर कोसळते. जे झाडपाल्याचे चूर्ण चार दिवसांत चमत्कार दाखविते त्याचाच अधिक संशय घ्यावा. शुद्ध वनस्पती इतक्या उतावळ्या नसतात. भस्मांची व रसकल्पांची गोष्ट तर विचारूच नये. २००८ साली अमेरिकेत महाजालावरून विकत घेऊन तपासलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचवा हिस्सा औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळले होते.

यावरून आयुर्वेद टाकाऊ आहे असा अर्थ कोणी काढू नये. पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांच्या पुढाकाराने गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर आयुर्वेदिक कल्पांची परीक्षा डॉक्टरी औषधांबरोबर घेण्यात आली. कोणास कोणते औषध दिले हे रुग्णासही ठाऊक नव्हते व देणारासही. २०१३ साली प्रसिद्ध झालेला तिचा निकाल असा की, दोन्ही औषधे गुणात बरोबरीची ठरली. मात्र आयुर्वेदिक कल्प घेणाऱ्या काहींच्या यकृताच्या तपासणीतील आकडे अनपेक्षितपणे चढले, आणि तेही संशोधकांनी लपविले नाही. जमाखर्चाच्या दोन्ही बाजू अशा लिहिल्या गेल्या म्हणजे औषधावर विश्वास बसतो. ल्युपसच्या थकव्यावर आपल्या वनस्पतींची अशी परीक्षा होणे बाकी आहे.

मग थकव्यास काहीच उपाय नाही काय? आहे, पण तो डबीत मिळत नाही. लंडनमधील नव्वदहून अधिक रुग्णांवरील एका प्रयोगात, जो २००३ साली प्रसिद्ध झाला, बारा आठवडे बेताबेताने वाढविलेला व्यायाम, मुख्यत्वे चालणे, करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांस स्पष्ट बरे वाटले. काही न करणाऱ्यांत असे म्हणणारे सहावा हिस्साच होते. येथे आपले लोक म्हणतील की, शेतकऱ्याच्या बाईस व्यायाम कसला शिकविता, ती दिवसभर राबतेच! परंतु उन्हात दहा तास वाकून भांगलणे आणि सकाळी अर्धा तास मोकळेपणी चालणे यांत अंतर आहे. पहिल्याने रोग उसळतो, दुसऱ्याने अंगात बळ येते.

ऊन हा ल्युपसचा उघड वैरी आहे. हळदीची काढणी, द्राक्षांची विरळणी, उसाची लागण ही कामे रुग्ण स्त्रीने सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर करावीत. पूर्ण बाह्यांचे पोलके, डोक्यास पदर व त्यावर टोपी, चेहऱ्यास डॉक्टरांनी सांगितलेले ऊनरोधक मलम असावे. दुपारी घरात बसून हिशेब, बी निवडणे, डेअरीचे खाते अशी कामे तिच्याकडे द्यावीत. ती कामे हलकी समजली जातात, पण नीट झाली नाहीत तर घर बुडते, हे कारकुनाशिवाय कोण जाणणार? ऊन टाळल्यामुळे ड जीवनसत्त्व कमी पडते. ब्राझीलमधील ४० तरुण रुग्णांवरील प्रयोगात, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला, ते जीवनसत्त्व चोवीस आठवडे दिल्याने थकवा कमी झाल्याचे दिसले. मात्र रक्त तपासून, डॉक्टरांच्या सांगण्याने ते घ्यावे. मनाने अधिक घेतल्यास रक्तात चुना वाढून मूत्रपिंडांस त्रास होतो.

ज्यांस वैद्याचे औषध घ्यावयाचेच आहे त्यांनी इतके करावे. चालू गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. बेनामी पुडी घेऊ नये. ज्या डबीवर घटकांची नावे, मात्रा, कारखान्याचा परवाना व तारीख नाही ती परत करावी. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी, व सुरू करण्यापूर्वी आणि नंतर सहा आठवड्यांनी यकृत, मूत्रपिंड व लघवी यांची तपासणी करावी. वैद्याचे औषध डॉक्टरांस व डॉक्टरांचे वैद्यास दाखवावे. पुष्कळ घरांत हे लपविले जाते, डॉक्टर रागावतील म्हणून. डॉक्टरांनीही रागावणे सोडावे. रागावल्याने रुग्ण चूर्ण सोडीत नाही, सांगणे सोडतो. गरोदरपणाचा विचार असल्यास तर आधी विचारल्यावाचून गोळी किंवा काढा यांतले काहीच बदलू नये.

शेवटी लागवडीविषयी. मध्य प्रदेशातील नीमचच्या बाजाराचे दर दाखवून अश्वगंधा, शतावरी यांच्या लागवडीस आपल्याकडील शेतकऱ्यांस गळ घालणारे दलाल हिंडत असतात. पीक घेण्यास हरकत नाही. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत अश्वगंधा येते व तिला पाणी थोडे लागते. परंतु खरेदीचा करार मुद्रांकित कागदावर, दर व प्रतवारी लिहून, आगाऊ रक्कम हाती घेऊनच करावा. रोपांच्या किंमतीतच दलालाचा नफा निघून गेलेला असतो, व मुळे काढावयाच्या वेळी त्याचा पत्ता लागत नाही. आणि घरी पिकली म्हणून ती मुळे कुटून शेजारच्या आजारी बाईस ओंजळीने वाटू नयेत.